सर्वनामाची जागा : रुय बार्बोझा आणि त्यांचे गुरुजी
(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरी एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात आजीच्या वडिलांच्या वाटणीचा पोर्तुगीज कागद फडक्यात गुंडाळून ठेवलेला आहे. कागद १९६१ च्या आधीचा. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यातून मी पोर्तुगीज हा विषय घेतला तेव्हा घरच्यांना वाटले, चला, आता तो कागद वाचणारा माणूस घरातच तयार होईल.

त्या कागदातल्या एका वाक्यावरून माझी आजी आणि तिच्या थोरल्या भावाचे घर यांच्यात कित्येक वर्षे येणे-जाणे नव्हते. काजूच्या डोंगराचा खालचा तुकडा कोणाचा, एवढाच प्रश्न. वाक्यात ‘सुआ पार्ते’ असे दोन शब्द आहेत. कोणा जाणत्या म्हणवणाऱ्याने फार पूर्वी त्याचा अर्थ ‘तिचा वाटा’ असा सांगितला होता. ‘सुआ’च्या शेवटी आकार आहे, आकार म्हणजे स्त्रीलिंग, म्हणून तिचा! आम्ही सगळे त्यावर विश्वास ठेवून होतो. मी आमच्या पोर्तुगीजच्या सरांना ते वाक्य विचारले. सर म्हणाले, ही तर या भाषेतली सर्वांत नेहमीची चूक. ‘सुआ’ला जो आकार लागला आहे तो मालकामुळे नव्हे, वस्तूमुळे. ‘पार्ते’, म्हणजे वाटा, हा शब्द त्या भाषेत स्त्रीलिंगी, म्हणून ‘सुआ’. पुल्लिंगी वस्तू असती तर ‘सेउ’ आले असते. मालक बाई की बुवा हे त्या शब्दातून कळतच नाही. मराठीत ‘तिचा’ म्हटले की ‘ति’मध्ये मालकीण दिसते आणि ‘चा’मध्ये वस्तूचे लिंग दिसते. पोर्तुगीजमध्ये नुसता ‘चा’ दिसतो असे समजा! मालक शोधायचा तर मागचे वाक्य पाहावे लागते.

त्या दिवशी तास संपल्यावर सरांनी मला एका माणसाचे नाव सांगितले. सर्वनाम कोठे बसवावे आणि कोणते वापरावे असल्या प्रश्नांवर ज्याने आपल्या प्रत्यक्ष गुरूशी भर देशासमोर भांडण केले, तो हा माणूस, रुय बार्बोझा. ब्राझील देशात हे नाव आपल्याकडे रानड्यांचे किंवा गोखल्यांचे असावे तसे आहे. गावोगावच्या रस्त्यांना आणि शाळांना ते दिलेले आढळते. ग्रंथालयातून आणि सरांकडून जे मिळाले ते वाचून हा लेख लिहीत आहे.

रुय बार्बोझा यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८४९ रोजी बाहिया प्रांताची राजधानी साल्व्हादोर येथे झाला. ब्राझील १८२२ मध्येच पोर्तुगालपासून वेगळा झाला होता, पण भाषा पोर्तुगीजच राहिली आणि गुलामगिरीही राहिली. वडील डॉक्टर आणि राजकारणी. मुलाने विद्वान व्हावे यासाठी ते अतिशय कडक असत. पाच वर्षांचा असताना या मुलाने पंधरा दिवसांत वाक्यांचे पृथक्करण आणि नियमित क्रियापदांची सारी रूपे आत्मसात केली, असे त्याच्या पहिल्या गुरुजींनी सांगून ठेवले आहे. ही गोष्ट वाचून मला जरा धसकाच बसला. क्रियापदांची रूपे घोकताना आमची जी अवस्था होते ती या वर्गातील प्रत्येकाला ठाऊक आहे.

पुढे तो आबिलियो सेझार बोर्जेस यांनी काढलेल्या बायानो विद्यालयात गेला. त्या काळच्या मानाने ही मोठी सुधारक शाळा होती. पुढे गुलामांचा कवी म्हणून प्रसिद्ध झालेले काश्त्रो आल्व्हेस हेही तेथलेच विद्यार्थी. याच शाळेत त्याला भाषा शिकवायला एर्नेश्तो कार्नेयरो रिबेयरो हे गुरुजी मिळाले. गुरुजी रुयपेक्षा अवघे दहा वर्षांनी मोठे. समोरच्या इतापारिका बेटावर १८३९ मध्ये जन्मलेले. शिक्षणाने डॉक्टर, पण आयुष्य गेले शिकवण्यात आणि व्याकरणात. पोर्तुगीज भाषेवर शिष्याचे जे प्रभुत्व होते त्याचा पाया त्यांनीच घातला. शालेय शिक्षण संपले तेव्हा रुय पंधरा वर्षांचा होता. कायद्याच्या कॉलेजात प्रवेश मिळण्याइतकेही वय नव्हते, म्हणून एक वर्ष थांबून त्याने जर्मन भाषेचा अभ्यास केला. नंतर रेसिफे आणि मग साओ पाउलो येथे शिकून १८७० मध्ये कायद्याची पदवी घेतली.

यापुढचे त्यांचे राजकीय आयुष्य एवढे मोठे आहे, की ते सगळे सांगायचे तर आमच्या अंकाची पाने पुरणार नाहीत. वृत्तपत्रात लेखन, संसदेत निवडून जाणे, गुलामगिरीविरुद्ध भाषणे, प्राथमिक शिक्षणावर प्रचंड अहवाल. १८८८ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८८९ मध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. रुय बार्बोझा पहिले अर्थमंत्री झाले. हे खाते मात्र त्यांना लाभले नाही. नोटा भरमसाट छापल्या गेल्या, कंपन्यांच्या नावाने सट्टा माजला आणि पुष्कळ लोक बुडाले. गुलामांच्या मालकीच्या सरकारी नोंदी जाळून टाकाव्यात असा हुकूम १८९० मध्ये त्यांच्याच सहीने निघाला. गुलामांच्या मालकांना भरपाई मागता येऊ नये हा हेतू सांगतात. पण ज्यांचे आजे-पणजे गुलाम होते त्यांच्या घराण्याचा मागोवाही त्या कागदांबरोबर गेला, हे मला विसरता येत नाही. कागद काय असतो ते आमच्या ट्रंकेने मला शिकवले आहे. १८९३ मध्ये नौदलाच्या बंडाच्या वेळी ते देशाबाहेर पडले आणि शेवटी लंडनला राहिले. तेथून त्यांनी फ्रान्समधील कॅप्टन द्रेफसच्या खटल्यातील अन्यायाबद्दल १८९५ च्या आरंभीच लिहिले. तेव्हा त्या माणसाची बाजू घेणारे जगात थोडेच होते.

आता मूळ विषयाकडे येतो.

स्वतंत्र होऊन ऐंशी वर्षे होत आली तरी ब्राझीलला स्वतःची दिवाणी संहिता नव्हती. लग्न, वारसा, जमीन, कर्ज हे सारे १६०३ च्या जुन्या पोर्तुगीज राजाज्ञांवर चालत होते. गंमत अशी, की खुद्द पोर्तुगालने १८६७ मध्ये नवी संहिता केली होती आणि ती गोव्यातही १८७० पासून लागू झाली होती. म्हणजे या बाबतीत आमचे गोवे ब्राझीलच्या पुढे होते! शेवटी १८९९ मध्ये रेसिफेच्या क्लोव्हिस बेव्हिलाक्वा या प्राध्यापकाने काही महिन्यांत मसुदा लिहून दिला. कनिष्ठ सभागृहाच्या समितीने तो तपासला आणि शेवटी भाषा शुद्ध करून देण्यासाठी तो कोणाकडे पाठवला? साल्व्हादोरच्या डॉ. कार्नेयरो रिबेयरो गुरुजींकडे. वेळ दिला मोजून चार-पाच दिवसांचा. जवळजवळ दोन हजार कलमे होती.

मसुदा वरिष्ठ सभागृहात गेला. तेथल्या समितीचे अध्यक्ष होते रुय बार्बोझा. कायद्याच्या आशयावर ते काही बोलतील अशी सर्वांची अपेक्षा होती. एप्रिल १९०२ मध्ये त्यांनी जे मत लिहून दिले त्यात त्यांनी कलमामागून कलम घेऊन भाषेच्या चुका काढल्या होत्या. फ्रेंच वळणाचे शब्द, कानाला खटकणारे अक्षरांचे योग, क्रियापदाची रूपे, स्वल्पविराम, सर्वनामे. ज्यांनी ही भाषा तपासून दिली ते आपले गुरुजी आहेत हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांच्याविषयी त्यांनी आदरानेच लिहिले, पण चूक ती चूक, या बाण्याने एकही जागा सोडली नाही.

सर्वनामांचा हा काय प्रश्न आहे ते थोडे सांगायला हवे, कारण आमच्या वर्गात लाल शाई सर्वांत जास्त येथेच सांडते. पोर्तुगीजमध्ये ‘मला, तुला, त्याला’ या अर्थाची ‘मे, ते, ल्ये’ अशी इवलीशी सर्वनामे आहेत. त्यांना स्वतःचा आघात नाही, ती क्रियापदाला टेकून उभी राहतात. प्रश्न एवढाच, की पुढे टेकायचे की मागे. पुस्तकी नियम सांगतो, वाक्याची सुरुवात अशा सर्वनामाने करू नये. ‘मला दे’ म्हणायचे तर ‘दे-मे’ म्हणावे. पण वाक्यात नकार आला, किंवा ‘जो, जे’सारखा संबंधी शब्द आला, की तो सर्वनामाला आपल्याकडे ओढून घेतो आणि ते क्रियापदाच्या आधी येऊन बसते. भविष्यकाळात तर कमालच! क्रियापद मधून फोडून सर्वनाम त्याच्या पोटात घालायचे. ‘मी त्याला देईन’ याला ‘दार-ल्ये-एय’. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला छापण्याची चूक वाटली होती.

ब्राझीलचा सामान्य माणूस मात्र खुशाल ‘मे दा’ म्हणतो. ‘मला करण्यासाठी’ या अर्थी ‘पारा एउ फाझेर’ असे शुद्ध रूप असताना लोक ‘पारा मीं फाझेर’ म्हणून जातात, कारण ‘पारा’नंतर ‘मीं’ येतो एवढे कानाला पाठ असते. पुढे क्रियापद आहे आणि त्याला कर्ता हवा हे लक्षात येत नाही. ‘मी त्याला पाहिले’ म्हणताना कर्माचे ‘ओ’ हे सर्वनाम टाकून सरळ कर्त्याचे ‘एले’ वापरतात. या चुका अडाणी माणसाच्याच असतात असे नाही. शिकलेलेही घरात असेच बोलतात आणि लिहिताना सावरून बसतात.

येथे एक माझी गोष्ट सांगतो. पाचवीत असताना मी वर्गात उभा राहून ‘मला’ऐवजी ‘माका’ म्हणालो. सगळा वर्ग हसला, मास्तरही हसले. आमच्या घरी, वाड्यावर, देवळात सगळे ‘माका’च म्हणतात. त्यानंतर दोन वर्षे मी वर्गात हात वर केला नाही. एका सर्वनामाने माणसाचे तोंड बंद होते याचा अनुभव असल्यामुळे मी हा वाद केवळ पंडितांची चैन म्हणून वाचू शकलो नाही.

शिष्याने दोष काढल्यावर गुरुजी गप्प बसले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी उत्तर छापले. नाव अगदी नम्र, हलकीशी निरीक्षणे अशा अर्थाचे. पण आतला मजकूर तसा हलका नव्हता. मग रुय बार्बोझा यांनी १९०२ संपता संपता आपले प्रत्युत्तर पुरे केले. ‘रेप्लिका’ या नावाने ते आजही ओळखले जाते. एका मसुद्याच्या भाषेवर एका माणसाने शेकडो पानांचा ग्रंथ लिहावा, ही घटना विरळाच म्हणावी लागेल. कामोंइशपासून एर्कुलानोपर्यंत पोर्तुगीज भाषेतील तीन-चार शतकांचे लेखक त्यांनी साक्षीला उभे केले. त्यात बाहियातच हयातीचा मोठा भाग घालवून १६९७ मध्ये तेथेच वारलेले पाद्री आन्तोनियो व्हियेयरा यांचा मान मोठा. सर्वनाम कोठे बसवावे यावरही दाखल्यांची रास आहे. गुरुजींनी १९०५ मध्ये आणखी जाडजूड ग्रंथ लिहून या प्रत्युत्तराला प्रत्युत्तर दिले. तेही त्याच जुन्या लेखकांना साक्षीला बोलावतात. एकाच पेटीतले पुरावे दोघे काढीत होते असे म्हणायला हरकत नाही. तेव्हा गुरुजी साठी ओलांडलेले आणि शिष्य पन्नाशी ओलांडलेला.

कोण जिंकले? विद्वानांत अजून दोन पक्ष आहेत असे सर सांगतात. मला एवढे दिसते, की दोघेही एका बाबतीत एकाच बाजूचे होते. शुद्ध काय ते जुन्या ग्रंथांत शोधावे, रस्त्यावर नव्हे, हे दोघांनाही मान्य होते. त्यांच्या आधी जुझे दि आलेंकार या कादंबरीकाराने वेगळा सूर लावला होता. पोर्तुगीज टीकाकारांनी त्याच्या भाषेला नावे ठेवली तेव्हा आपल्या ‘इरासेमा’ कादंबरीच्या १८७० च्या आवृत्तीला त्याने शेवटी एक टिपण जोडले आणि सर्वनामाच्या जागेबद्दल ब्राझीलच्या लेखकाला मोकळीक हवी असे प्रतिपादन केले. पुढे मानुएल सैद आली या अभ्यासकाने, १९०८ मध्ये निघालेल्या आपल्या पुस्तकात, याचे कारण उच्चारात दाखवले. पोर्तुगालमध्ये ‘मे’चा उच्चार इतका चिरडला जातो, की वाक्याच्या आरंभी तो उभाच राहू शकत नाही. ब्राझीलमध्ये त्याचा स्वर पुरता उच्चारतात, म्हणून तो आरंभी सहज पेलतो. म्हणजे ज्याला चूक म्हणतात ती जिभेची वेगळी घडण आहे. हे वाचून मला फार बरे वाटले. ‘माका’चे कारणही कोणी तरी असेच शोधले असेल.

सर्वनामाच्या या वेडावर मोंतेयरो लोबातो यांनी एक फर्मास कथा लिहिली आहे. ती १९२०–३० या दशकातली. एक गरीब कारकून गावातल्या एका कर्नलच्या धाकट्या मुलीला चिठ्ठी लिहितो आणि ‘तुझ्यावर प्रेम करतो’ म्हणताना ‘ते’ऐवजी ‘ल्ये’ हे सर्वनाम घालतो. मुलीचा बाप व्याकरणात पक्का. तो म्हणतो, हे सर्वनाम तृतीयपुरुषी, तेव्हा प्रेम हिच्यावर नव्हे, थोरलीवर आहे! आणि थोरलीशी त्याचे लग्न लावून देतो. त्या लग्नातून जन्मलेला मुलगा मोठेपणी लोकांची सर्वनामे दुरुस्त करीत फिरतो आणि शेवटी स्वतःच्या छापील पुस्तकात एक सर्वनाम चुकीच्या जागी पडलेले पाहून प्राण सोडतो. सरांनी ही कथा वर्गात सांगितली तेव्हा सगळे हसले. मला मात्र काजूच्या डोंगराचा तुकडा आठवला.

रुय बार्बोझा यांचे आयुष्य या वादाने संपले नाही. १९०७ मध्ये द हेग येथे भरलेल्या शांतता परिषदेत ब्राझीलचे प्रतिनिधी म्हणून ते गेले आणि न्यायाच्या दरबारात लहान देश व मोठा देश समान, हा पक्ष त्यांनी बड्या राष्ट्रांच्या तोंडावर मांडला. देशात त्यांना ‘हेगचा गरुड’ म्हणू लागले. माशादो दि आसीस यांच्यानंतर १९०८ मध्ये ब्राझीलच्या साहित्य अकादमीचे ते अध्यक्ष झाले. १९१० मध्ये सेनापती एर्मेस दा फोन्सेका यांच्याविरुद्ध अध्यक्षपदाची निवडणूक लढवून हरले, १९१९ मध्ये पुन्हा हरले.

संहितेचे मात्र भिजत घोंगडे पडले होते. वरिष्ठ सभागृहाने १९१२ मध्ये ती मंजूर केली तेव्हा तिला सतराशेहून अधिक दुरुस्त्या जोडलेल्या होत्या, बहुतेक भाषेच्याच. १ जानेवारी १९१६ रोजी कायदा झाला आणि पुढच्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून अंमलात आला. १८०७ कलमे. पोर्तुगीजमध्ये इतक्या घासून-पुसून लिहिलेला कायदा दुसरा नाही असे मानतात. पण त्याचे सहावे कलम वाचले आणि मी चकित झालो. अपुऱ्या क्षमतेच्या माणसांची त्यात यादी आहे. सोळा ते एकवीस वयाची मुले, उधळे लोक, रानातले आदिवासी, आणि वैवाहिक संबंध टिकून असेतोवर विवाहित स्त्रिया. म्हणजे नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला पुष्कळ व्यवहार करता येत नसत. हे १९६२ मध्ये बदलले. संहिताच नवी झाली ती २००३ च्या जानेवारीपासून. वाद झाला तो सर्वनाम कोठे बसावे यावर, आणि ‘ती’ला कोठे बसवले आहे यावर त्या हजार-दीड हजार पानांत दोघांनीही वाद घातल्याचे मला आढळले नाही. एवढ्या मोठ्या माणसाबद्दल मी असे लिहावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. सर म्हणाले, लिही.

कार्नेयरो रिबेयरो गुरुजी १९२० मध्ये साल्व्हादोरलाच वारले. पुढे १९५० मध्ये आनीझियो तेइशेयरा यांनी तेथे गरीब मुलांसाठी जी नामांकित शाळा काढली तिला या गुरुजींचेच नाव दिलेले आहे. शिष्याला साओ पाउलोच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी पदवीदानाच्या वेळी भाषणाला बोलावले होते. त्यांच्या स्वतःच्या पदवीला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती. पण प्रकृती साथ देईना. १९२१ मध्ये ते भाषण दुसऱ्या प्राध्यापकांनी वाचून दाखवले. १ मार्च १९२३ रोजी पेत्रोपोलिस येथे रुय बार्बोझा यांचे निधन झाले. रिओतील बोताफोगो भागातले त्यांचे घर १९३० पासून संग्रहालय म्हणून खुले आहे. घरात सदतीस हजारांच्या आसपास पुस्तके आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो. ट्रंकेतला कागद काढून आजीसमोर ते वाक्य आणि त्याच्या आधीचे वाक्य वाचले. आधीच्या वाक्यात नाव होते ते तिच्या भावाचे. मी तिला ‘सुआ’चा आकार कोठून आला ते सांगितले. आणि हेही सांगितले, की लिहिणाऱ्याला शंका ठेवायची नसती तर ‘देले’, म्हणजे त्याचा, किंवा ‘देला’, म्हणजे तिचा, असे साफ लिहिता आले असते, भाषेत ती सोय आहे. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, सोय होती, तर मग त्याने ते का लिहिले नाही?